छापायची राहिलेली राणी

सोमवार, ४ मे १९९८

काल दुपारी ढग विरले, कडक ऊन पडलं, आणि काउंटीभरच्या मुंग्यांची लग्नं एकाच मुहूर्तावर लागली. पुरावा आज सकाळी साप्ताहिकाच्या कचेरीच्या खिडकीत मांडून ठेवलेला होता: अकरा डब्या-बाटल्या. औषधाच्या गोळ्यांच्या सात, कॅमेऱ्याच्या फिल्मच्या तीन आणि एक तपकिरीची डबी. तिच्यातली मुंगी शिंकून शिंकून मेली असावी.

दर वसंतात हे असंच. पंख झडलेली, पाठीला कुबड आलेली मोठी मुंगी दिसली की आमच्या बेल्स फोर्ड गावातला माणूस ती डबीत कोंडतो, डबीवर आपलं नाव चिकटवतो आणि खिडकीत ठेवून जातो. गुरुवारच्या अंकात माझ्या सदरात त्याचं नाव आणि मुंगीचं नाव शेजारी शेजारी छापून येतं. जन्म, लग्न आणि मयत सोडल्यास आमच्याकडे नाव छापून यायला हा चौथा मार्ग आहे, आणि चारांत कमी त्रासाचा. शाळेतला लॅटिनचा वर्ग बंद पडला तेव्हा संपादक मार्व्हेलाबाईंनी हे सदर माझ्या गळ्यात घातलं. "मेलेल्या भाषेचा मास्तर मेलेल्या किड्यांना नावं ठेवायला बरा," हे त्यांचं नेमणूकपत्र.

अकरांपैकी खऱ्या राण्या सहा. दोन वाळव्या (यांना कंबरच नसते, तरी लोक आणतात). एक नवरदेव, डोकं बारीक, उपयोग संपलेला. एक बिनपंखी गांधीलमाशी, मखमली लाल, जिला मुंगी समजून उचलणाऱ्याचं बोट अजून सुजलेलं असेल. आणि एक बाटली रिकामी. नाव मात्र तिच्यावर सुवाच्य अक्षरात होतं.

बारावी डबी अकरा वाजता इमोजीन प्रेटर स्वतः घेऊन आली. टेकडीपलीकडची डॉगवूड या फुलझाडांची नर्सरी तिची. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली, एकटी चालवते. शाळेत माझ्या दोन वर्ग मागे होती.

"खिडकीत ठेवायची होतीस," मी म्हणालो.

"खिडकीत ठेवली असती तर तू मुंगीला बघितलं असतंस. मला नाही."

हे खरं आहे. खिडकीतल्या बाटल्या मी क्रमानेच बघतो.

राणी तिला रोपांच्या पाण्याच्या टाकीत तरंगताना सापडली होती. "तांबडी आहे," इमोजीन म्हणाली. "मला तांबड्याची भीती वाटते हॉलिस. आगमुंगी असली तर सरळ सांग. पाच जूनला इंडियानाचा ट्रक यायचाय. वृद्धाश्रमाच्या बागेसाठी चारशे डॉगवूड. माझा सगळा वसंत त्या एका ट्रकात बसणार आहे."

"पाहतो," मी म्हणालो.

मंगळवार, ५ मे

शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लांबी आठ मिलिमीटर. कुबड, पंख झडल्याचे वण, कपाळावर तीन बारीक डोळे. राणी आहे यात वाद नाही. आगमुंगी आहे यातही नाही. वाद त्यापुढे सुरू होतो. आगमुंगीची घराणी दोन. एक इथलीच. चावते, पण शेजाऱ्यासारखी, मर्यादा सांभाळून. दुसरी परदेशी, जहाजातल्या मातीबरोबर दक्षिणेच्या बंदरात उतरली आणि दर वर्षी काही मैल वर सरकते. तिच्या वारुळावर पाय पडलेलं वासरू उठत नाही. दोघींतला फरक जबड्याच्या वरच्या पट्टीच्या काठावर असतो: देशीला दोन दात, परदेशीला त्या दोघांच्या मधोमध तिसरा.

मला तिसरा दिसला. दिसल्यासारखा वाटला. दिसला.

परदेशी ठरली की कृषी खात्याचा निरीक्षक येतो. फवारणी, फेरतपासणी, दाखला हे सगळं होईपर्यंत नर्सरीतली एक कुंडी काउंटीबाहेर जात नाही. त्यात दोन महिने जातात आणि डॉगवूड लावायचा हंगाम कोणाच्या दाखल्यासाठी थांबत नाही.

आता दुसरी बाजू, प्रामाणिकपणे. इंडियानात त्या बागेत म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसणार. पायात सपाता असतील.

राणीच्या दातांवर विसंबू नये, हे मी स्वतः सदरात लिहिलेलं आहे. निर्णय कामकरी मुंगीवरून करावा. निरीक्षकाकडे अल्कोहोलात बुडवून पाठवली तर त्याची माणसं चार दिवसांत सांगतात. पण मग प्रकरण सरकारी कागदावर चढतं, आणि कागदावर चढलेलं खाली उतरलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून ठरवलं: हिला काचनळीत ठेवायचं. तळाशी पाणी, वर कापसाचा बोळा, सगळं अंधारात. पहिली लेक बाहेर पडायला सत्तावीस-अठ्ठावीस दिवस. म्हणजे एक-दोन जून. ट्रक पाचला. वेळ आहे.

तोवर कुठे बोलायचं नाही. अर्धवट ज्ञान छापणं हा अपराध आहे. नळी मोज्यात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवली आहे.

गुरुवार, ७ मे

अंक निघाला. अकरा नावं, अकरा निकाल. रिकाम्या बाटलीलाही न्याय दिला: "मिस्टर क्लोव्हिस यांची बाटली. आत हवा. जात स्थानिक."

मार्व्हेलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इमोजीनची कुठाय? मी तिला डबी घेऊन जिना चढताना पाहिलं, आणि समोर न्हाव्याच्या बाकावर बसलेल्या चौघांनीही पाहिलं."

"अभ्यास चालू आहे."

"हं," त्या म्हणाल्या. या बाईंच्या 'हं'मध्ये पूर्वी अर्थ असे. हल्ली सिगारेटमुळे नुसता आवाज येतो.

रविवार, १० मे

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवण. इमोजीनने केळ्याचं पुडिंग आणलं होतं. तिच्या टेबलावर जागा होती, मी बसलो. एरवी तिथे जागा मिळत नाही.

"माझी छापली नाहीस," ती म्हणाली.

"अजून अभ्यास..."

"रिकाम्या बाटलीचा झाला?"

"ती सोपी होती."

हसली. पण वाढून घेतलेलं पुडिंग तिने संपवलं नाही. जेवणानंतर, काही कामही नसताना, मी तिच्याबरोबर नर्सरीत गेलो. डॉगवूडचा बहर सरला आहे, पानं कोवळी आहेत. तिने तिसऱ्या रांगेशी नेलं. "इथे माती फुगून आल्यासारखी दिसते बघ. वारूळ असेल का?"

गुडघे टेकून काडीने माती उकरायची आणि एक कामकरी मुंगी चिमटीत उचलायची, एवढंच काम. अर्धं मिनिट. पण अंगावर रविवारची पँट होती.

मी पानांवरच्या बुरशीबद्दल बोललो. बरंच बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

बुधवार, १३ मे

अंडी! पंधरा-वीस, साबुदाण्याच्या कण्यांसारखी एकाला एक चिकटलेली. राणी त्यांना तोंडात धरून बसली आहे. ती महिनाभर काही खात नाही. उडण्याचे स्नायू आता तिला लागायचे नाहीत. तेच आतल्या आत विरघळवून ती लेकरं पोसते. नियम असा की या दिवसांत तिला हलवू नये, उजेड दाखवू नये, सारखं पाहू नये. दिवसातून चारदा मी मोजा सोडून पाहतो. नुसत्या डोळ्यांना दात दिसत नाहीत, त्यामुळे या पाहण्याला शास्त्रीय अर्थ शून्य आहे.

एका जागी बसवत नाही. आज वर्तमानपत्र वाचायला तीन खुर्च्या बदलल्या.

शनिवार, १६ मे

ओडेलच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य घ्यायला गेलो. ओडेल माझा जुना विद्यार्थी. लॅटिनमध्ये दोनदा नापास झाला आणि त्यामुळे आज दुकानाचा मालक आहे. गल्ल्याशी तीन-चार शेतकरी टेकलेले होते. मी आत जाताच बोलणं थांबलं. या गावात माझ्याबद्दल अजून थोडा आदर शिल्लक आहे.

"मास्तर," ओडेल म्हणाला, "बायको मागे लागलीय, अंगणात दोन डॉगवूड लावू म्हणून. इमोजीनबाईंकडून आणावेत का?"

प्रश्नात गळ होता, तो मी ओळखला. इथे जपून बोलायला हवं. "मी झाडांचा जाणकार नाही रे ओडेल," मी म्हणालो. "ज्याने त्याने ठरवावं."

"ज्याने त्याने," ओडेल म्हणाला आणि बाकीच्यांकडे पाहिलं. एकाने टोपी काढून परत घातली.

खुबीने निभावलं. ना खोटं बोललो, ना काही फुटू दिलं.

गुरुवार, २१ मे

आजच्या अंकात पाच राण्या, एक वाळवी. इमोजीनचा उल्लेख अर्थातच नाही. नळीत अळ्या झाल्या आहेत.

संध्याकाळी तिच्याकडे चक्कर मारली. मे महिन्यात तिच्या फाटकाशी गाड्या लावायला जागा नसते. आज एकही नव्हती. शाळांचे निकाल, पदवीदान, लोकांना यंदा बागेला वेळ नाही. एका परीने बरंच झालं. दोघांनी पायरीवर बसून गोड गार चहा प्यायला आणि कोणी मध्ये आलं नाही. तिचा नवरा कसा शिट्टी वाजवत कुंड्या भरायचा ते तिने सांगितलं. मी रोमन लोकांच्या मधमाश्यांबद्दल सांगितलं. मग ती गप्प बसली, मीही बसलो. काही माणसांबरोबर गप्प बसता येतं, हे मोठं सुख आहे.

निघताना ती म्हणाली, "हॉलिस, तू रोज येतोस."

"रस्त्यावरच पडतं."

"माझं घर कुठल्याच रस्त्यावर पडत नाही."

भूगोलाच्या दृष्टीने तिचं बरोबर आहे.

सोमवार, २५ मे

आज स्मृतिदिन. सगळं गाव फुलांच्या कुंड्या घेऊन कबरस्तानात. वर्षानुवर्षं या दिवशी कबरींवर इमोजीनचीच जिरेनियम दिसत आली आहेत. आज नुसती पिवळी झेंडूची रोपं, पुढच्या काउंटीतल्या मोठ्या दुकानाची, किमतीच्या कागदी पट्टीसकट. लोकांची अभिरुची अशी उतरणीला लागली आहे. तिच्याकडे सगळी जिरेनियम तशीच होती. मी आठ विकत घेतली. माझे आईवडील दोघे मिळून एकाच दगडाखाली आहेत, तरी आठही मांडली.

तिथेच, कबरीशी, तिने मला गाठलं. आवाज खाली होता.

"काय आहे ती?"

"अजून कामकरी बाहेर..."

"डबीत काय आहे ते विचारत नाही. तुझ्या मनात काय आहे ते सांग."

मी तिला जबड्यावरच्या पट्टीची रचना समजावून सांगितली. सुमारे वीस मिनिटं. उभ्याने. ती मध्येच नवऱ्याच्या कबरीकडे गेली. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

असं का केलं मी? 'तिसरा दात दिसल्यासारखा वाटला' ही चार शब्दांची गोष्ट. ती ऐकून तिचा चेहरा उतरेल आणि उतरवणारा मी असेन, एवढंच ना? हे लिहिताना सोपं वाटतं. तिथे मात्र जिभेवर पट्टीची रचनाच आली.

बुधवार, २७ मे

सकाळी एक सरकारी गाडी टेकडीकडे जाताना पाहिली. रस्त्याचं काम निघालं असावं.

इमोजीन फोन उचलत नाही. कामात असेल, ट्रकला नऊ दिवस उरले.

शुक्रवार, २९ मे

कोश गडद व्हायला लागले आहेत. एक तर आतून पाय हलवतो आहे. आज माझं लक्ष कशात नाही. कोंबड्यांना दोनदा खाद्य घातलं. त्या मला तिसऱ्यांदाही भेटायला तयार होत्या.

ठरवून टाकतो, म्हणजे पळवाट नको: चार तारखेच्या दुपारपर्यंत एकही कामकरी निघाली नाही, किंवा निघाली आणि तीन दात दिसले, तर सरळ तिच्याकडे जायचं आणि सांगायचं. त्या म्हाताऱ्यांच्या बागेत ही मुंगी माझ्या मौनातून जाता कामा नये. ती मला पुन्हा पायरीवर बसू देणार नाही. न देवो.

(शेवटचे दोन शब्द खोडणार होतो. राहू देतो.)

सोमवार, १ जून

सगळं लिहितो, क्रमाने.

सकाळी साडेआठला मोजा सोडला. नळीत एक बारीक, फिकट, लटपटणारी कामकरी मुंगी आईचं तोंड चाटत उभी. शाळेत धावलो. छप्पन्न वर्षांच्या माणसाने धावू नये. रखवालदाराने आग लागली समजून बादली उचलली. भिंगाखाली घेतलं. दोन्ही कोपरं टेबलावर रोवली.

दोन दात. दोनच. मधली जागा ताटाच्या काठासारखी गुळगुळीत.

देशी.

मग राणीलाच पुन्हा भिंगाखाली घेतलं. दोन दात. तिसरा कुठेच नाही. पाच मेला मी पाहिला तो दात नव्हता, टाकीतल्या मातीचा कण होता. मुंगी दिवसातून पन्नासदा तोंड पुसते. तिने तो त्याच दिवशी पुसून टाकला असणार. ओल्या कुंचल्याने आधी तोंड पुसावं, मग पाहावं, हे मी दर वर्षी सदरात छापतो. त्या दिवशी पुसलं नाही. आणि दुसऱ्यांदा भिंगाखाली घेतली नाही, कारण तिला त्रास होऊ नये. निदान कारण म्हणून मी तेच लिहिलं असतं.

पण तेव्हा एवढा विचार कुठला! गाडी काढली. टेकडीवर काच खाली करून मोठ्याने गात होतो. लॅटिनमध्ये.

इमोजीन पालथ्या खोक्यावर बसली होती. मी गाडीतूनच ओरडलो, "देशी आहे! इमोजीन, देशी आहे!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "तासाभरापूर्वी निरीक्षकाचा फोन आला."

मी दार उघडून उभाच राहिलो.

"स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी मीच बोलावलं त्याला. बुधवारी आला. तिसऱ्या रांगेत गुडघे टेकले, काडीने उकरलं, दहा मुंग्या बाटलीत भरल्या. सगळं मिळून एक मिनिट लागलं."

"मग तर उत्तमच झालं! पाच तारखेला ट्रक..."

"ट्रक येणार नाही, हॉलिस."

तिने सांगितलं ते असं. वृद्धाश्रमाच्या माळ्याने गेल्या गुरुवारी ओडेलच्या दुकानात फोन केला. ट्रकवाल्याला रस्ता विचारायचा होता. बोलता बोलता सहज विचारलं, नर्सरी कशी आहे. ओडेल म्हणाला, नर्सरी चांगली आहे, बाई चांगली आहे, मुंगीचं म्हणाल तर मास्तरांनी अजून छापलेलं नाही. एवढंच. तासाभरात मागणी रद्द.

"मी एक अक्षर बोललो नव्हतो," मी म्हणालो. "कोणालाही नाही. देवाशप्पथ."

"तेच तर." ती आता उभी राहिली. "सगळ्या गावाने मला डबी घेऊन तुझा जिना चढताना पाहिलं. गुरुवारी सगळ्यांच्या मुंग्या छापून आल्या. वाळव्या आल्या. क्लोव्हिसची हवा आली! माझी नाही. पुढच्या गुरुवारी नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. चर्चमध्ये माझ्या टेबलावर बसायचं लोकांनी बंद केलं, तुला जागा मिळाली आणि तुला वाटलं, वा! अरे, 'परदेशी असल्याचा संशय आहे' असं ठळक अक्षरात छापलं असतंस ना, तर मी त्याच दिवशी निरीक्षकाला बोलावलं असतं आणि बारा मेला मोकळी झाले असते. तू मला वाचवत होतास?"

"हो," मी म्हणालो.

"कशापासून? मी नवरा पुरलाय. मला मुंगीचं नाव ऐकवलं नसतं?"

या वेळी पट्टीची रचनाही आठवेना.

"जा आता," ती म्हणाली. रागाने नाही. दमून.

मंगळवार, २ जून

ओडेलला जाब विचारायला गेलो. गल्ल्याशी आज दुसरं कोणी नव्हतं.

"मी खोटं काय बोललो, मास्तर? छापलं नव्हतं ते नव्हतं."

"छापलं नाही याचा अर्थ तू काय काढलास?"

"तुम्हीच शिकवलात तो. गप्प राहिला तो कबूल झाला. रोमन लोकांचा कायदा. सगळ्या लॅटिनमधलं तेवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय."

दोनदा नापास केलेल्या मुलाने वाक्य बिनचूक लावलं होतं.

इंडियानाला फोन केला. माळी सभ्य माणूस. वाईट वाटलं म्हणाला. पण त्यांनी शुक्रवारीच दुसरीकडून मेपलची झाडं घेतली, खड्डेसुद्धा भरले.

गुरुवार, ४ जून

आजच्या सदरात एकच मुंगी.

"श्रीमती इमोजीन प्रेटर यांनी ४ मे रोजी आणलेली राणी: देशी आगमुंगी. त्यांच्या नर्सरीतल्या मुंग्याही देशीच, असं कृषी खात्याने तपासून कळवलं आहे. ओळखायला एक दिवस पुरला असता. प्रस्तुत लेखकाला परदेशी असल्याचा संशय आला, तो चुकीचा होता. आणि तो त्याने कोणाला सांगितला नाही, ही त्याहून मोठी चूक. श्रीमती प्रेटर यांचं यात जे नुकसान झालं ते मुंगीने केलेलं नाही."

मार्व्हेलाबाईंनी मूळ मजकुरातली सहा विशेषणं कापली. सगळी माझ्याबद्दलची होती. "स्वतःला शिव्या देऊन जागा अडवू नकोस," त्या म्हणाल्या. मग सिगारेट विझवून, "पहिल्या गुरुवारीच मी तुला विचारलं होतं, हॉलिस."

"तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात."

"तुझ्याएवढ्या शिकलेल्या माणसाला तेवढं पुरावं."

शुक्रवार, ५ जून

दिवसभर रस्त्याकडे कान होते. येणार नाही हे ठाऊक असून मोठ्या गाडीचा आवाज आला की उठून खिडकीशी जात होतो. एक दुधाची टाकी, एक कचऱ्याची गाडी.

चार वाजता इमोजीनचा फोन.

"वाचलं," ती म्हणाली. "चारशे रोपांची मुळं कुंडीत गोल फिरायला लागलीत. शरदापर्यंत ठेवायची तर मोठ्या कुंड्यांत हलवायला हवीत, नाहीतर स्वतःच्याच मुळांनी गळा आवळून मरतील. एकटीला जमणार नाही. सोमवारी सातला ये. जुनी पँट घालून."

"येतो."

"आणि एक अट आहे. काम करताना गप्प बसायचं नाही. मनात आलं की तोंडाने बोलायचं. बरं असो, वाईट असो. तुझं गप्प बसणं मला झेपत नाही."

मंगळवार, ९ जून

दोन दिवसांत नव्वद कुंड्या. कुंडी आडवी करायची, कडेला थाप मारायची, रोप मातीच्या गड्ड्यासकट ओढायचं, गुंतलेली मुळं बोटांनी मोकळी करायची, न सुटणारी चाकूने उभी चिरायची, मोठ्या कुंडीत बसवून माती दाबायची. पाठ कमरेपासून निराळी झाली आहे.

अट पाळतो आहे. काल सांगितलं की तिचा कुत्रा मला आवडत नाही. ती म्हणाली, त्यालाही तू आवडत नाहीस, पण तो पहिल्या दिवसापासून भुंकून सांगतोय. आज सांगितलं की ती मुळं फार कठोरपणे चिरते. तिने चाकू माझ्या हातात दिला. मी हळुवारपणे चिरलेली तीन रोपं बाजूला काढून ठेवली आहेत. ती जगतील का ते ऑगस्टमध्ये कळेल.

दुपारी ओडेल आला, डोकं खाजवत. दोन डॉगवूड घेऊन गेला. "बायको मागे लागलीय," म्हणाला. चारशेतले दोन.

शनिवार, १३ जून

नर्सरीत सातपासून. ऊन चढलं तरी दोघं थांबलो नाही. ती मुळं सोडवायची, मी माती भरून पाणी घालायचो. मी बोलत होतो: शाळेच्या छपराबद्दल, मार्व्हेलाबाईंच्या खोकल्याबद्दल, मक्याचा पाव तिच्याकडे जरा कोरडा होतो त्याबद्दल. विषय संपत आले. मग मुंग्यांकडे वळलो.

"मुंग्या नकोत," इमोजीन म्हणाली. तिने हातातलं रोप खाली ठेवलं. "महिनाभर तू रोज टेकडी चढून येत होतास. मुंगी तर तुझ्या कपाटात होती. माझ्याकडे कशाला येत होतास?"

अट अट आहे. मी सांगितलं.

काय सांगितलं ते इथे उतरवत नाही. या वहीत जे जे लिहिलं ते जिला सांगायला हवं होतं तिला सांगवत नव्हतं म्हणून लिहिलं. हे तिला सांगून झालं.

तिने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "ती झारी आधी सरळ धर," म्हणाली. "माझ्या बुटात पाणी चाललंय."

मी झारी सरळ धरली.

"एवढं सांगायला तुला किती दिवस लागले?"

मी मनात मोजायला लागलो: मेचे किती, जूनचे किती, त्याआधीची सहा वर्षं धरायची की नाही.

"मोजू नकोस," ती म्हणाली. "पुढची कुंडी दे."